दम लागणाऱ्यानं चालायचं कशाला?

प्रश्न : माझे वडील वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणीतून निवृत्त झाले. वय ६७. बरीच वर्षं बिडी होती, आता सुटली आहे. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला आणि दोन पंप दिले. आंघोळ करून आले तरी दहा मिनिटं खाटेवर टेकून बसावं लागतं, म्हणून आम्ही त्यांना घरात काहीच करू देत नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन देतो. आता नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांखाली लिहिलंय, ‘व्यायाम, आठवड्यातून किमान तीनदा, आठ आठवडे.’ ज्याला बसल्याजागी श्वास पुरत नाही त्याला व्यायाम करायला लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं नाही का?
(एक वाचक, घुग्घूस, जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी एक काम करा. उद्यापासून पाण्याचा पेला त्यांच्या हातात देणं बंद करा, माठापर्यंत त्यांना जाऊ द्या. वाटेत दम लागला तर थांबतील, भिंतीला टेकतील, पुन्हा निघतील. हे वाचून घरातल्या कुणाला मी निर्दय वाटेन. पण डॉक्टरांनी लिहिलंय ते बरोबर आहे आणि तुम्ही मायेपोटी जे करताय, त्यानं वडिलांचा दम वाढतोय.

तुमची शंका मात्र रास्त आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जगभरातले बहुतेक डॉक्टर तुमच्यासारखाच विचार करायचे. फुप्फुसं थकलीत ना, मग पडून राहा. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात टॉमस पेटी या डॉक्टरांनी अशा रोग्यांना बरोबर नेता येईल असा ऑक्सिजन देऊन चालवायला सुरुवात केली, तेव्हा ते अनेकांना धाडस वाटलं होतं. पुढं या उपचाराला नाव पडलं पल्मोनरी रिहॅबिलिटेशन, आपल्याकडं श्वसन पुनर्वसन. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं तोवरच्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सीओपीडीचे ३,८०० हून अधिक रोगी होते. निकाल इतका एकतर्फी निघाला की, ‘याचा उपयोग होतो का’ हे ठरवायला आता आणखी चाचण्या नकोत, असं कॉक्रेनच्या संपादकांनी जाहीर करून टाकलं. वैद्यकात असं क्वचित घडतं.

आता दम लागणाऱ्याला व्यायाम का, या कोड्याकडं येऊ. सीओपीडीत श्वासनलिका आतून आकसलेल्या असतात आणि फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटलेल्या असतात. ते नुकसान व्यायामानं भरून येत नाही. आठ आठवड्यांनी वडिलांना पुन्हा फुंकायच्या यंत्रावर (स्पायरोमेट्री) बसवलंत, तर आकडा जवळजवळ तोच येईल. मग सुधारतं काय?

पाय सुधारतात. दम छातीत जाणवतो, पण त्याचा मोठा वाटा मांड्यांमधून येतो. दम लागतो म्हणून माणूस जिना टाळतो, मग बाजार टाळतो, मग ओसरीसुद्धा टाळतो. मांडीचे स्नायू झिजतात. झिजलेला स्नायू थोड्याशा कामातच आम्ल तयार करू लागतो, ते आम्ल निस्तरताना रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकायला शरीर आणखी श्वास मागतं. म्हणजे जे फुप्फुस आधीच तोकडं आहे, त्याच्याकडं अशक्त पाय जास्तीची मागणी करतात. तब्येत बरी असताना वडील खाटेपासून नळापर्यंत ज्या खर्चात जायचे, त्याहून बराच जास्त खर्च आता त्याच अंतराला होतोय. चाकांतली हवा उतरलेली स्कूटर हाकताना जुनं इंजिन धापा टाकतं. इंजिन बदलता येत नसेल, तर निदान चाकांत हवा भरता येते.

दुसरी भानगड श्वास सोडण्याची आहे. आकसलेल्या नळ्यांतून हवा आत सहज जाते, बाहेर यायला वेळ घेते. घाईनं श्वास घेणाऱ्याची आधीची हवा पुरती बाहेर पडलेली नसते, तोवर वरून नवी येते. छाती फुगत जाते, पोटाचा पडदा खाली दाबला जातो आणि ‘श्वास आत जातच नाही’ असं वाटू लागतं. खरं तर आतलं बाहेर येत नसतं. स्नायू कमावले की तेच काम कमी श्वासांत होतं, दोन श्वासांमध्ये वेळ मिळतो आणि हवा साचणं कमी होतं.

आकड्यात सांगायचं, तर कॉक्रेनच्या त्या आढाव्यात सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी ४४ मीटरनं वाढलं. ४४ मीटर ऐकायला किरकोळ आहे. साधारण ३० मीटर वाढ झाली की रोग्याला स्वतःला फरक जाणवतो, असा अनुभव आहे. खाटेवरून उठून अंगणातल्या नळावर जाऊन, तोंड धुऊन परत येणं आणि ते कुणाचा हात न धरता, एवढा तो फरक. शिवाय धाप लागण्याची भीती कमी होते. ही भीती औषधाच्या चिठ्ठीवर कुठं लिहिलेली नसते, पण अर्धा आजार तीच असते.

आयुष्य वाढतं का, असं विचाराल. अमेरिकेत सीओपीडी बळावून इस्पितळात दाखल झालेल्या सुमारे १ लाख ९७ हजार ज्येष्ठांची सरकारी विम्याच्या नोंदींवरून पाहणी झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. घरी आल्यावर ९० दिवसांच्या आत ज्यांनी पुनर्वसन सुरू केलं, त्यांच्यापैकी वर्षभरात ७.३ टक्के दगावले. ज्यांनी केलं नाही त्यांच्यातले १९.६ टक्के. यात मेख अशी, की जे स्वतःहून गेले ते मुळात जरा धडधाकट असणार. तो फरक हिशेबातून वजा केला तरी पारडं पुनर्वसनाकडंच झुकलं. आणि त्या श्रीमंत देशातही ९० दिवसांत सुरुवात करणारे दोन टक्केसुद्धा नव्हते! तेव्हा ही उपेक्षा चंद्रपूरपुरती आहे असं समजू नका.

हा उपचार करतात कसा, ते जरा जवळून पाहू, कारण ‘व्यायाम करा’ आणि ‘रोज थोडं चालत जा’ या दोन सल्ल्यांत खूप अंतर आहे. सुरुवात मोजणीनं होते. इस्पितळाच्या ३० मीटर लांब सरळ बोळात दोन टोकांना दोन खुणा ठेवतात. रोगी पंप घेऊन, बसून, विसावून आलेला असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि ‘आत्ता दम किती’ हे शून्य ते दहाच्या पट्टीवर त्यालाच विचारतात. मग सांगतात, सहा मिनिटांत जमेल तितकं चाला, पळू नका, वाटलं तर थांबा, घड्याळ मात्र थांबणार नाही. तपासणारा शेजारून चालत नाही, नाही तर रोगी त्याच्या चालीनं चालू लागेल. गप्पाही मारत नाही. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य : छान चाललंय, अजून इतकी मिनिटं आहेत. सहा मिनिटं संपली की जिथं आहे तिथं थांबायचं, अंतर मोजायचं, ऑक्सिजन पाहायचा, पुन्हा दहाच्या पट्टीवर दम विचारायचा. अर्ध्या तासानं हेच पुन्हा एकदा करतात, कारण पहिल्या वेळी माणूस बिचकलेला असतो.

समजा वडील सहा मिनिटांत २४० मीटर चालले. म्हणजे मिनिटाला ४०. सरावासाठी त्याच्या ८० टक्के वेग धरायचा, म्हणजे मिनिटाला ३२ मीटर. दहा मिनिटांना ३२० मीटर झाले. तुमचं अंगण दहा मीटर लांब असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ३२ खेपा. पहिल्या आठवड्यात त्या एका दमात होणार नाहीत. दोन-तीन तुकडे करायचे, मधे खुर्ची ठेवायची. दम दहापैकी तीन-चारपर्यंत गेला पाहिजे. अर्धं वाक्य बोलून श्वास घ्यावा लागतोय, इतका. सहा-सातवर गेला तर थांबा, आणि दोनच्या वर जातच नसेल तर तो फेरफटका झाला, उपचार नव्हे. तीच चाल सोपी वाटू लागली की खेपा वाढवायच्या. आठव्या आठवड्याच्या शेवटी अर्धा तास चालणं, मधे विसावे धरून, हे ध्येय.

नुसतं चालणं पुरत नाही. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा, असे दोन-तीन फेरे. लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलायच्या. हातांचा व्यायाम अनेकांना फालतू वाटतो. पण मान-खांद्याचे जे स्नायू हात वर धरायला लागतात, तेच दमेकऱ्याला श्वास घ्यायलाही मदत करत असतात. म्हणून केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, चालण्यापेक्षा जास्त धाप लागते. वजन उचलताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही.

आणि दम लागलाच तर? उभ्याउभ्या दोन्ही तळहात गुडघ्यांवर किंवा खिडकीच्या कठड्यावर टेकून किंचित पुढं वाकायचं. नाकानं श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडायचा. घ्यायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट सोडायला. जोर लावून फुंकायचं नाही. दोन-तीन मिनिटांत छाती उतरते. सायकलच्या हँडलवर कोपरं टेकून उभे राहिलेले म्हातारे तुम्ही पाहिले असतील. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं.

वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी आधी करून घ्या. एक, ईसीजी आणि गरज असेल तर हृदयाची सोनोग्राफी. या वयात, बिडीच्या इतिहासात, दम हृदयाचाही असू शकतो. छातीत दुखणं, अलीकडं येऊन गेलेला झटका, बेडक्यात रक्त, ताप, यांपैकी काही असेल तर व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन, पंप बरोबर घेतला जातोय का ते दाखवून घ्या. स्पेसरशिवाय घेतलेल्या पंपातलं बरंचसं औषध घशातच राहतं. लगेच आराम देणारा पंप व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं घेतला तर चालणं सोपं जातं.

ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहेच. चालताना आकडा ८८ च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. बोटं गार असली किंवा नखांना नेलपॉलिश असलं तर तो चुकीचं दाखवतो. त्याच वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोपऱ्यात पडला असेल, तर तो मनानं सुरू करू नका. सीओपीडीतल्या काही रोग्यांच्या रक्तात बेसुमार ऑक्सिजनमुळं कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. ज्यांना खरोखर घरी ऑक्सिजन लागतो, त्यांना तो दिवसाचे पंधरा तास तरी घ्यावा लागतो. मधूनमधून दहा मिनिटं लावून उपयोग नसतो.

आता आपल्या गावांचा प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं असतं, सकाळी मोकळ्या हवेत फिरा. घुग्घूसला कोणती मोकळी हवा? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं, प्रदूषणात. वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, रस्त्यावरून उघडे ट्रक. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत दबून राहते. त्यामुळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायची वेळ पहाटेची नको. ऊन चढून धुकं फिटल्यावर, साडेनऊ-दहाला निघा. प्रदूषण मंडळाची हवा मोजणारी केंद्रं चंद्रपूर शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत आहेत, त्यांचे आकडे मोबाइलवर दिसतात. आकडा वाईट असेल त्या दिवशी घरातच चाला. उन्हाळ्यात उलट. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधी आटपा किंवा कूलरच्या खोलीत खुर्चीचे व्यायाम करा. पंप उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

आणि वाघ. बाहेरगावचे लोक हसतील, पण दुर्गापूर-ऊर्जानगरला राहणारा वाचक हसणार नाही. सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी, नागभीडकडं तर झुंजुमुंजू वेळी गावाबाहेरच्या रस्त्यानं एकट्यानं चालणं हा वेडेपणा आहे, आणि ज्याला पळता येत नाही त्यानं तर मुळीच करू नये. अंगण, शाळेचं पटांगण, मंदिराचा सभामंडप, इस्पितळाचा बोळ. सपाट, बंदिस्त, मधे बसायला जागा असलेलं काहीही चालेल. चंद्रपुरात रामाळा तलावाच्या बागेत दुपार उतरल्यावर जाता येईल. गोंडकालीन परकोटावर चढायची हौस मात्र आठव्या आठवड्यानंतर.

प्रश्न : आईनं आयुष्यात कधी बिडी-खर्रा घेतला नाही. चाळीस वर्षं चूल आणि रोवणीचं काम. काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली, ‘बरी झाली’ असं सांगितलं. तरी हल्ली बांधीवरून घरी येताना तीनदा बसते. तिला हा व्यायाम लागू होतो का? की तो बिडीवाल्यांसाठीच?
(मूल तालुक्यातून)

उत्तर : लागू होतो, आणि तुमच्या आईसारख्यांसाठी आपल्याकडं तो जास्त लागू आहे. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटींवर रोगी होते. या रोगामुळं वाया जाणाऱ्या आयुष्याचा हिशेब मांडला तेव्हा सर्वांत मोठी दोषी निघाली दूषित हवा, घरातली आणि बाहेरची मिळून, ५३.७ टक्के. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के. बंद स्वयंपाकघरात ओली लाकडं, पऱ्हाट्या, गोवऱ्या फुंकणाऱ्या बाईला बिडीची गरज उरत नाही. सिलिंडर घरात आहे पण महाग पडतो म्हणून चहापुरता वापरला जातो, असं चित्र चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी दिसेल. चूल एकदम सुटत नसेल तर निदान ती परसात, उघड्यावर मांडा.

टीबी बरा होतो म्हणजे जंतू मरतात. फुप्फुसावर पडलेले व्रण, आकसलेला भाग, रुंदावलेल्या नळ्या मागं राहतात. सरकारी कार्डावर ‘बरा झाला’ अशी नोंद झाली की त्या माणसाकडं कुणी पाहत नाही, ही टीबीच्या सरकारी कार्यक्रमातली खरी उणीव आहे. युगांडाच्या कंपाला शहरात टीबीनंतरच्या अशा रोग्यांसाठी व्यायामाचा कार्यक्रम करून पाहिला गेला. साधी साधनं, चालणं, उठबस. लोकांनी तो निभावला आणि त्यांची चाल सुधारली. आपल्याकडच्या भातगिरण्यांत काम करणारे, दगड फोडणारे, यांचीही हीच तऱ्हा.

तुमच्या आईसाठी पहिली पायरी मात्र थुंकीची पुन्हा तपासणी. टीबी उलटलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय कुठल्याही गटात व्यायामाला पाठवू नका, इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे. मग एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री. बेडका फार पडत असेल तर तो काढायची श्वासाची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायची, ती चालण्याआधी करायची.

‘ती तर शेतात राबतेच, वेगळा व्यायाम कशाला’ असं घरातले म्हणतील. रोवणीत दिवसभर वाकून काम होतं, छाती दाबलेली असते, विसावा आपल्या हाती नसतो. दम चारवर गेला म्हणून कुणी बांधीतून वर येत नाही. उपचारातला व्यायाम मोजून वाढतो आणि मोजून थांबतो. रोवणीच्या दिवसांत त्याला सुट्टी दिली तरी चालेल. आणि तिचं वजन बघा. दमेकरी माणूस श्वास घेण्यातच खूप ताकद खर्च करतो, वर जेवताना धाप लागते म्हणून कमी जेवतो. भाताबरोबर डाळ, अंडं, मासळी, दूध जे परवडेल ते दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. हाडं दिसत असताना नुसता व्यायाम करून स्नायू कुठून येणार?

प्रश्न : तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र, फुगे फुगवणं, कपालभाती. यांनी हेच काम होत नाही का?
(बल्लारपूर)

उत्तर : नाही. गोळ्यांचं यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, आणि ते शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्या रोग्यासाठी देतात. सीओपीडीत ते पायांच्या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. घरात आहे म्हणून केलं तर हरकत नाही. फुगे नकोत. कपालभाती, भस्त्रिका यांत झटके देऊन भराभर श्वास टाकायचा असतो, म्हणजे ज्याची हवा आधीच आत साचतेय त्याची आणखी साचणार. सावकाश, लांब उच्छ्वासाचे प्राणायाम आणि सोपी आसनं चांगली. दिल्लीच्या एम्समध्ये १२ आठवड्यांचा योगाभ्यास आणि नेहमीचं पुनर्वसन यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला होता. पण तो शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालचा, रोग्यासाठी बेतलेला योग होता. टीव्हीसमोर बसून केलेला नव्हे.

प्रश्न : हे सगळं वाचायला बरं आहे. गडचिरोलीच्या टोकाला राहणाऱ्यानं आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला यायचं कसं?
(भामरागड)

उत्तर : यायचं नाही. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. तुम्हाला केंद्रात बोलावणारी योजना तुमच्यासाठी केलेलीच नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी याच अडचणीवर एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्ट एकदा घरी गेला, व्यायाम ठरवून दिला, नंतर आठवड्यातून एकदा फक्त फोन. आठ आठवड्यांनी या घरच्या गटाची सुधारणा केंद्रात येणाऱ्यांच्या तोडीस तोड निघाली. ट्रेडमिल नाही, सायकल नाही.

आपल्या परिस्थितीशी जुळणारं कामही सुरू आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं भारत, श्रीलंका, युगांडा, किरगिझस्तान या देशांत कमी साधनांत श्वसन पुनर्वसन कसं चालवायचं याचा प्रकल्प झाला. त्यात भारतातली भागीदार पुण्याची चेस्ट रिसर्च फाउंडेशन. म्हणजे मराठी रोग्यांवर, मराठी बोलून हे काम झालेलं आहे, नव्यानं शोधायचं काही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सीओपीडीचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. गावात आशाताई आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बहुतेक गावांत आता फोनची रेंज कुठल्या तरी झाडाखाली येते. लागतं काय, तर मोजपट्टी, घड्याळ, ऑक्सिमीटर, खुर्ची आणि आठ आठवडे चिकाटीनं विचारपूस करणारा माणूस. एका रात्रीच्या अतिदक्षता विभागापेक्षा हे स्वस्त पडेल. तरी होत नाही, कारण जी गोष्ट बाटलीत भरून देता येत नाही तिची मागणीच कुणी करत नाही.

आठ आठवड्यांनंतर सोडून दिलंत तर सहा महिने ते वर्षभरात कमावलेलं बरंचसं उतरतं, हेही सांगून ठेवतो. पंप जसा कायमचा, तसं चालणंही.

घुग्घूसच्या वाचकांसाठी आणखी एक. खाणीतल्या नोकरीत वडिलांची ठरावीक वर्षांनी पीएमई, म्हणजे वैद्यकीय तपासणी, झाली असेल, तीत छातीचा एक्स-रे असतो. ती जुनी कागदपत्रं मिळतील तितकी गोळा करून छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कोळशाच्या धुळीनं होणारा न्यूमोकोनिओसिस आणि दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस हे कायद्यानं मान्य केलेले, भरपाईला पात्र व्यवसायजन्य रोग आहेत. ‘बिडीमुळं झालं’ या एका वाक्यावर तो विषय बंद होऊ देऊ नका.

आणि सगळ्याच वाचकांना विनंती. पुढच्या वेळी चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वेकोलिच्या दवाखान्यात गेलात की औषधं घेऊन परत फिरू नका. डॉक्टरांना सांगा, केसपेपरवर ‘पल्मोनरी रिहॅबिलिटेशनसाठी फिजिओथेरपी विभागाकडे’ एवढी एक ओळ लिहून द्या, आणि तो कागद घेऊन त्याच दिवशी त्या विभागात जा.